लटकी शस्त्रक्रिया आणि खरे ज्ञान

सत्य शोधण्यासाठी असत्याचा आधार घ्यावा काय? नीतिशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रश्न फार जुना आहे. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांत हृदयविकारावरील संशोधनाने तो पुस्तकातून काढून शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठेवला आहे. एखाद्या रोग्याच्या छातीवर छेद घ्यावयाचा, आत काहीही करावयाचे नाही, छेद शिवून टाकावयाचा आणि त्याला समजू द्यावयाचे की आपले ऑपरेशन झाले. हे कृत्य नीतीला धरून आहे काय? कोणीही चटकन म्हणेल, 'मुळीच नाही, ही तर उघड फसवणूक.' परंतु अशा मूठभर रोग्यांच्या साक्षीमुळे पुढची असंख्य माणसे एका निरुपयोगी शस्त्रक्रियेतून सुटली असतील तर? मग उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबावे लागते.

आज अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास हे शब्द आपल्या घराघरांत ऐकू येतात. कोणाचे वडील, कोणाची सासू, कोणाचा धाकटा भाऊ त्या टेबलावर झोपून आलेला असतो. तेव्हा हा प्रश्न डॉक्टरांवर सोपवून आपणांस मोकळे होता येणार नाही.

प्रथम हकीकत सांगू. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंस, आतल्या अंगाने, एकेक रोहिणी खाली उतरते. या दोन रोहिण्या बांधून टाकल्या तर अडलेले रक्त लहान फाट्यांतून हृदयाकडे वळेल आणि हृदयाची उपासमार थांबेल, अशी कल्पना इटलीतील शल्यवैद्यांनी मांडली. १९५५ नंतर ही शस्त्रक्रिया इटलीत आणि मग अमेरिकेत होऊ लागली. ती फार सोपी होती. तेवढीच जागा बधिर करून दोन लहान छेद घेतले की काम झाले. रोगी समाधानाने घरी जात. छातीतील कळ कमी झाली, पूर्वीपेक्षा अधिक चालवते, जिभेखालच्या गोळ्या कमी लागतात, असे ते सांगत. डॉक्टरही संतुष्ट होते. रोगी बरा वाटतो म्हणतो, मग आणखी पुरावा कशाला हवा?

तरी काहींच्या मनात शंका राहिली. अमेरिकेत सिअॅटल येथे लेनर्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतरा रोगी निवडले. प्रत्येकाच्या छातीवर छेद घेऊन रोहिण्या उघड्या केल्या जात. मग शल्यवैद्याच्या हाती एक बंद पाकीट दिले जाई. आतल्या चिठ्ठीत 'बांधा' असे असेल तर त्या बांधावयाच्या, 'बांधू नका' असे असेल तर तसेच शिवून टाकावयाचे. आठ जणांच्या रोहिण्या बांधल्या गेल्या, नऊ जणांच्या नाहीत. नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांनाही कोण कोणत्या गटात हे ठाऊक नव्हते. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बरे वाटण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढच्याच वर्षी कॅन्ससमधील ग्रे डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा रोग्यांवरील अशीच चाचणी प्रसिद्ध केली. तेथे पाच जणांची शस्त्रक्रिया लटकी होती, आणि त्या पाचही जणांना बरे वाटले होते! यानंतर ती शस्त्रक्रिया लवकरच वैद्यकातून नाहीशी झाली.

हे रोगी काही ढोंगी नव्हते. त्यांची कळ खरोखरच कमी झाली होती. काहीतरी मोठा उपाय झाला, अनुभवी हातांनी आपली काळजी घेतली, हा विश्वास माणसाच्या वेदनेवर चालतो. छातीच्या कळेसारख्या दुखण्यावर तर विशेषच चालतो. म्हणून 'रोग्याला बरे वाटले' एवढ्यावरून 'उपाय खरा आहे' असे ठरत नाही. ते ठरवावयाचे तर खऱ्या उपायाशेजारी लटका उपाय ठेवून पाहावे लागते.

येथे एक आक्षेप येतो. रोग्याला बरे वाटत होते ना? मग ती शस्त्रक्रिया चालू ठेवली असती तर काय बिघडले असते? दयाळू असत्य कठोर सत्यापेक्षा बरे नव्हे काय?

आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याची कारणे आहेत. पहिले कारण हे की प्रत्येक छेदाला रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचे भय असते, आणि निरुपयोगी उपायासाठी ते भय पत्करण्यास लावणे ही दया नव्हे. दुसरे म्हणजे, उपायाचे पैसे रोग्याच्या घरातून जातात. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. खोट्या समाधानाने शोध थांबतो. रोहिण्या बांधून सारे संतुष्ट राहिले असते, तर हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांतील अडथळ्यावर उपाय शोधण्याची तळमळ कोणाला लागली असती? वैद्यकाची प्रगती समाधानी माणसांमुळे झालेली नाही.

एवढे मान्य केले, तरी सिअॅटलच्या प्रयोगातील एका गोष्टीपाशी मन अडतेच. त्या सतरा जणांना इतकेच सांगितले होते की, या शस्त्रक्रियेचे मूल्यमापन चालू आहे. काहींच्या बाबतीत ती केवळ लटकी असेल, हे त्यांना सांगितलेले नव्हते. संशोधकांचा हेतू चांगला होता आणि निष्कर्ष बहुमोल ठरला. परंतु त्या नऊ माणसांना विचारण्यात आले नाही. त्यांची छाती त्यांच्या नकळत दुसऱ्यांच्या ज्ञानाचे साधन झाली. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने सांगून ठेवले आहे की, कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. येथे तो नियम मोडला गेला.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण पाहा. १९२९ साली जर्मनीत बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावी व्हेर्नर फोर्समान नावाचा जेमतेम पंचविशीचा डॉक्टर एका लहान रुग्णालयात काम करीत होता. हाताच्या नीलेतून बारीक नळी सरकवीत थेट हृदयापर्यंत नेता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. हे प्राणघातक ठरेल, असे त्या काळी मानीत. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. उपकरणे गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात होती. त्याने तिचे मन वळवले, आणि तिने प्रयोगासाठी स्वतःचेच शरीर देऊ केले. फोर्समानने तिला टेबलावर बांधले, तिच्यावरच प्रयोग करीत असल्याचा बहाणा केला, आणि तेवढ्यात नळी स्वतःच्या डाव्या हाताच्या नीलेत सरकवली. पासष्ट सेंटिमीटर नळी आत गेल्यावर तो चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेला आणि चित्र काढवून घेतले. नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचलेले त्यात स्पष्ट दिसत होते. या कामासाठी १९५६ साली आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

फसवणूक येथेही आहे. परिचारिकेला फसवले गेले. पण धोका कोणी पत्करला ते पाहा. सिअॅटलमध्ये जाणणाऱ्याने न जाणणाऱ्याच्या देहावर प्रयोग केला. एबर्सवाल्डमध्ये जाणणाऱ्याने न जाणणारीला बाजूस ठेवून आपला देह पुढे केला. हान्स योनास या तत्त्वज्ञाने १९६९ साली लिहिलेल्या निबंधात हेच तत्त्व मांडले. संशोधनाचा हेतू ज्याला सर्वांत अधिक कळतो आणि ज्याला सर्वांत अधिक स्वातंत्र्य आहे, त्याने प्रथम पुढे यावे. ज्याला कळत नाही, जो आजाराने किंवा दारिद्र्याने गांजलेला आहे, त्याची पाळी सर्वांत शेवटी यावी. व्यवहारात बहुधा याच्या उलट घडते, हे सांगावयास नकोच.

मात्र धाडसालाच विवेक समजण्याची चूक करू नये. हाच फोर्समान १९३२ साली नाझी पक्षाचा सभासद झाला. त्या राजवटीत इतर डॉक्टरांनी बंदिवानांवर जे अमानुष प्रयोग केले, त्यांचा न्यायनिवाडा न्यूरेंबर्ग येथे झाला. १९४७ सालच्या त्या निकालपत्रात प्रयोगांसाठी दहा नियम घालून दिले गेले. प्रयोगास सामोरे जाणाऱ्याची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे, असे पहिलाच नियम सांगतो. पुढे १९६४ साली जगातील वैद्यकीय संघटनांनी हेलसिंकी येथे आपली आचारसंहिता जाहीर केली.

नियम लिहिले गेले म्हणजे पाळले गेले असे नव्हे. १९६६ साली हार्वर्डच्या हेन्री बीचर यांनी चांगल्या नावाजलेल्या संस्थांत झालेल्या बावीस प्रयोगांचा पाढा वाचला. त्यांतील काही हृदयासंबंधीच होते. एका प्रयोगात श्वासनलिका तपासताना तिच्यातून सुई पार करून हृदयाच्या डाव्या कप्प्यात नेली होती, आणि ज्यांचे हृदय निरोगी होते त्यांनाही यातून वगळले नव्हते. दुसऱ्यात जन्मजात हृदयदोषाच्या शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या अकरा मुलांची छातीतील थायमस ग्रंथी संशोधनासाठी काढून टाकण्याचे ठरले होते. हे काही युद्धकाळातील बंदिवान नव्हते. रुग्णालयात विश्वासाने आलेली माणसे होती.

मधल्या काळात हृदयाचे चित्र घेण्याची विद्या झपाट्याने पुढे गेली. १९५८ च्या ऑक्टोबरात क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स हे एका तरुण रोग्याची तपासणी करीत होते. महारोहिणीत सोडावयाचे रंगद्रव्य, नळीचे टोक सरकल्यामुळे, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिणीतच गेले. रोग्याचे हृदय काही क्षण थांबले. सोन्सने त्याला खोकावयास सांगितले. तो खोकला आणि हृदय पुन्हा चालू झाले. चित्रात ती रोहिणी फाट्यांसह उमटली होती. हृदयाच्या रोहिण्यांची अँजिओग्राफी या अपघातातून जन्मली. जिवंत माणसाची रोहिणी कोठे अरुंद झाली आहे ते आता डोळ्यांनी दिसू लागले. १९७७ च्या सप्टेंबरात झूरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकावरील लहानसा फुगा फुगवून अशी अरुंद जागा प्रथमच रुंद केली. पुढे तेथे स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी बसवू लागले.

चित्र दिसू लागले खरे, परंतु चित्राबरोबर एक नवा मोहही आला. पडद्यावर अरुंद जागा दिसते, मग ती रुंद झालेली दिसते. डॉक्टर समाधानी, नातेवाईक समाधानी. जे डोळ्यांनी पाहिले त्याला आणखी पुरावा कोण मागणार? परंतु अँजिओग्राफीत दिसते ती रोहिणीच्या पोकळीची सावली. भिंतीत काय चालले आहे ते त्या सावलीत नीट कळत नाही. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा अशा जागी येतो, जेथील अरुंदपणा आधी फारसा नव्हता. भिंतीवरील चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. तेव्हा दिसणारा अडथळा काढला म्हणजे मृत्यू टळला, हे गृहीत धरता येत नाही. ते तपासावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. झटका आलेला असताना बंद पडलेली रोहिणी तातडीने उघडल्याने प्राण वाचतात. त्याविषयी वाद नाही, आणि तेथे कोणीही वेळ दवडू नये. आम्ही बोलत आहोत ते चालताना, चढ चढताना छातीत भरून येते आणि विसावा घेतला की थांबते, अशा स्थिर दुखण्याविषयी.

अशा स्थिर दुखण्याच्या ५,१७९ रोग्यांवर, भारतासह ३७ देशांत एक मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना केवळ औषधे दिली, निम्म्यांना औषधांबरोबरच अँजिओग्राफी आणि आवश्यकतेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. सुमारे तीन वर्षांच्या देखरेखीत झटका आणि मृत्यू यांचे प्रमाण स्टेंट-बायपासमुळे घटल्याचे दिसले नाही. छातीच्या कळेला मात्र अधिक आराम पडला. या चाचणीतील एक तपशील विचार करण्यासारखा आहे. बहुतेक रोग्यांचे सुरुवातीस सी. टी. स्कॅन केले होते, परंतु डाव्या मुख्य रोहिणीत धोका नाही एवढी खात्री करून बाकीचे चित्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून झाकून ठेवले होते. चित्र दिसले तर हात स्वस्थ राहणार नाहीत, हे संशोधकांना ठाऊक होते.

तरीही एक प्रश्न उरलाच होता. कळ कमी होते ती स्टेंटमुळे, की १९५९ सालच्या रोग्यांप्रमाणे विश्वासामुळे? ग्रुंट्झिगच्या पहिल्या फुग्यानंतर चाळीस वर्षे हा प्रश्न लटक्या उपायाशी ताडून कोणी सोडवला नव्हता. लंडनच्या रशा अल्-लामी, डॅरेल फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ते केले. दोनशे रोगी, प्रत्येकाची एक रोहिणी बरीच अरुंद झालेली. आधी सहा आठवडे औषधे नीट लावून दिली. मग टेबलावर गुंगी आणून, कानांवर संगीत लावून, १०५ जणांना स्टेंट बसवला आणि ९५ जणांना नुसतेच टेबलावर ठेवले. सहा आठवड्यांनी पट्ट्यावर चालवून पाहिले, तेव्हा दोन गटांत फरक निघाला अवघा साडेसोळा सेकंदांचा, आणि तोही योगायोगाने पडलेला नसेल असे म्हणता येईना. पुढे याच संशोधकांनी ३०१ रोग्यांवर दुसरी चाचणी केली. तीत कळेची औषधे बंद ठेवून तुलना केली होती. तिचा निष्कर्ष २०२३ साली आला, आणि त्यात स्टेंटने कळ खरोखर कमी होते असे दिसले. म्हणजे उपाय खोटा नव्हता. त्याची जागा आणि मर्यादा या दोन चाचण्यांनी दाखवून दिली.

सिअॅटल आणि लंडन यांतील भेद नीट पाहिला पाहिजे. लंडनच्या चाचणीतील माणसांना आधीच सांगितले होते की, तुम्हांला कदाचित काहीच बसवले जाणार नाही, आणि काय झाले ते सहा आठवडे कळणार नाही. हे समजून त्यांनी होकार दिला. नंतर प्रत्येकाला खरे काय ते सांगण्यात आले, आणि ज्यांना स्टेंट बसवला नव्हता त्यांना तो बसवून घेण्याची मोकळीक राहिली. बाहेरून पाहता कृत्य तेच आहे. लटका उपाय तेथेही होता, येथेही आहे. पण ज्याने 'काही काळ मला कळू देऊ नका' अशी मोकळीक स्वतःच दिली, त्याला फसवले असे म्हणता येत नाही.

तरी याची किंमत शून्य नव्हती. पहिल्या चाचणीत स्टेंट न मिळालेल्या गटातील चौघांना, रोहिणीतील दाब मोजण्याच्या तारेमुळे इजा झाली आणि त्यांना तातडीने स्टेंट बसवावा लागला. त्यांनी आपल्या फायद्याखेरीज दुसऱ्यासाठी धोका पत्करला होता, आणि तो धोका त्यांच्या वाट्याला आला. 'संमती घेतली, मग झाले' असे म्हणणाऱ्याने या चौघांची आठवण ठेवावी.

आणि ही संमती तरी खरी केव्हा? इंदूर शहरातील औषधचाचण्यांविषयी तक्रारी झाल्यानंतर तेथील स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पुढच्या वर्षी संमती घेतानाचे दृश्य आणि आवाज यांचे मुद्रण करण्याविषयी न्यायालयाचा आदेश झाला, आणि २०१९ साली औषधचाचण्यांचे नवे नियम आले. या साऱ्याची गरज का पडली? ज्याला कागद वाचता येत नाही, ज्याला मोफत उपचाराची आशा आहे, ज्याला डॉक्टरसाहेबांना 'नाही' म्हणण्याची सवयच नाही, त्याचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. 'नाही' म्हटले तरी माझी शुश्रूषा कमी होणार नाही, अशी ज्याला खात्री आहे, त्याचाच होकार खरा.

तर मग आमचा निर्णय असा. लटका उपाय तीन अटींवर नीतीला धरून आहे. प्रश्नाचे उत्तर खरोखरच कोणाला ठाऊक नसावे. सामोऱ्या येणाऱ्याला लटकेपणाची शक्यता आधी स्पष्ट सांगितलेली असावी आणि नकाराला मोकळी वाट असावी. आणि जे ज्ञान हाती येईल ते, गैरसोयीचे असले तरी, लपवू नये. यांतील एकही अट मोडली की ती फसवणूक होते, मग हेतू कितीही थोर असो.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोग्याला न विचारता घेतलेल्या लटक्या छेदाला आपण दोष देतो. मग न तपासलेला उपाय तपासल्याचा आव आणून हजारोंवर करीत राहणे, याला काय म्हणावे? तोही प्रयोगच आहे. त्याला कोणाची संमती नाही, त्याची नोंद नाही, आणि त्यातून कोणी काही शिकतही नाही. २०१७ सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा औषधाचा लेप असलेल्या स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये ठरली. एवढी रक्कमही ज्या घरात दागिना गहाण ठेवून उभी करतात, तेथे डॉक्टरच्या शब्दाला किती वजन असते, याचा विचार करावा. 'हे केले नाही तर केव्हाही काही होईल' हे वाक्य ज्ञानाचा आधार नसताना उच्चारणे, हे आमच्या मते सिअॅटलच्या पाकिटापेक्षा मोठे असत्य आहे. त्या पाकिटातून निदान काही सत्य बाहेर आले.

वाचकहो, यावरून कोणीही चालू असलेले औषध सोडू नये, किंवा सांगितलेला उपाय आपल्या मनाने नाकारू नये. मात्र झटका आलेला नसताना, डॉक्टरांसमोर बसून चित्र पाहण्याची वेळ आली, तर नम्रपणे दोन प्रश्न विचारण्यास कचरू नये. हा उपाय माझे आयुष्य वाढवण्यासाठी आहे, की माझी कळ कमी करण्यासाठी? आणि प्रथम औषधांनी पाहिले तर चालेल काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावणार नाही. आज त्याला या प्रश्नांचे प्रामाणिक उत्तर देता येते, ते ज्यांनी आपली छाती अनिश्चिततेच्या स्वाधीन केली त्या अनोळखी माणसांमुळे. त्यांतील काहींनी ते जाणून केले, काहींना विचारलेही गेले नाही. दोघांचेही ऋण आपल्यावर आहे. यापुढे कोणालाही न विचारता त्या टेबलावर नेले जाऊ नये, असा आग्रह धरणे हीच त्या ऋणाची फेड होय.